एल्रॉयच्या हाती पाठवलेला डबा

ऊद मेथा, दुबई
१५ नोव्हेंबर २०२४

प्रिय शेनॉन,

मेसेजखाली दोन खुणा येतात, म्हणजे तू माझा नंबर बंद केलेला नाहीस. पण उत्तर येत नाही, आणि मला मेसेजमध्ये नीट लिहिता येत नाही. म्हणून कागदावर लिहितो आहे. मराठीत, कारण माझं इंग्रजी हॉटेलच्या स्टोअरपुरतं आहे: माल आला, माल परत केला, तारीख उलटली. शाळेत तुला हिंदी होतं, तेव्हा अक्षरं लागतील. एखादा शब्द अडला तर दुसऱ्या कुणाला विचारू नकोस, मलाच विचार.

कामाचं आधी सांगतो. हॉटेलने मला फेब्रुवारीअखेरपर्यंत ठेवलं आहे. मग व्हिसा रद्द होईल आणि मी कायमचा वसईला, गिरीजच्या घरी जाईन. फ्लॅट रिकामा करायचा आहे. मम्मीचं शिवणयंत्र, नाताळच्या गोठ्यातल्या मूर्ती, तुझी शाळेची सर्टिफिकेटं, यातलं तुला काय हवं ते कळव. बाकीचं वाटून टाकीन.

मम्मीच्या पहिल्या वर्षाची मिस्सा ९ मार्चला गिरीजच्या चर्चमध्ये सांगितली आहे. रविवार आहे, सकाळी साडेसात. तू यावंस असं मला वाटतं. यायलाच हवं असं म्हणत नाही.

आता दुसरं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये तू सुट्टीवर आलीस तेव्हा आपल्या ओव्हनमध्ये ते कॅनडाचे बटर टार्ट केले होतेस, पीटरबरोच्या तुझ्या घरमालकिणीने शिकवलेले. मम्मीने एका बैठकीला चार खाल्ले आणि म्हणाली, करंजी करणारी मधेच दमली आणि करंजीचं तोंड उघडंच राहिलं. ती रेसिपी तिच्या फोनवर आहे. मी सुट्टीच्या दिवशी करून बघतो. पारी बरी होते. सारणात ब्राउन शुगर, बटर, अंडं, सिरप, चमचाभर व्हिनेगर आणि मनुका, सगळं तू लिहिलंस तसं घालतो. पण थंड झालं की सारण दगड होतं. तू लिहिलं आहेस, सेट होईपर्यंत भाजा. मी पंचवीस मिनिटं ठेवतो. नक्की किती ठेवायचं?

उम्म अल कुवैनहून भाजीची व्हॅन घेऊन येणारा सुदेश तुला आठवत असेल, तो संगमेश्वरचा. त्याला दोन दिले. म्हणाला, "पॅट्रिकभाऊ, दात पडला तर आमची कंपनी मेडिकल देत नाही हां." तरी दोन्ही खाल्ले.

का करतो असं विचारशील, तर घरात ओव्हन आहे आणि ड्युटीवरून आल्यावर वेळ जात नाही.

गिरीजला दफनाच्या दिवशी जॅकलीन मावशी तुला जे बोलली ते तिने बोलायला नको होतं. सख्खी बहीण गेली होती, तिला भान नव्हतं. "जानेवारीपासून माहीत असून आता आलीस? आणि डबा पाठवलास, तोही दुसऱ्याच्या हाती," असं ती सगळ्यांसमोर म्हणाली. तू विचारलंस, कुठला डबा? आणि माझ्याकडे बघितलंस. मी काही बोललो नाही. माणसं खूप होती, फादर थांबले होते.

डॉक्टरांनीही आम्हाला स्पष्ट असं काही सांगितलं नव्हतं, शेनॉन. डब्याबद्दल जॅकलीनचा काहीतरी गैरसमज झाला असावा.

थंडीत जप.

डॅडी


ऊद मेथा
२६ डिसेंबर २०२४

प्रिय शेनॉन,

तुझा मेसेज मिळाला. इंग्रजीत तीन वाक्यं होती. बारा मिनिटं. बाहेर काढताना मधे हललं पाहिजे. तुम्ही जास्त भाजताय. डॅडी असं कुठे लिहिलं नव्हतंस, पण नऊ महिन्यांनी आलेली तीन वाक्यं आहेत, मी तक्रार करत नाही.

मधे हललं पाहिजे हे माझ्या डोक्यात येणंच कठीण होतं. बत्तीस वर्षं मी माल घेण्याच्या दाराशी उभा आहे. दही, क्रीम, कस्टर्ड, जे डुगडुगतं त्यात थर्मामीटर खुपसायचा आणि पाच डिग्रीच्या वर असेल तर परत पाठवायचं. टार्टमध्येही मी स्टोअरचा थर्मामीटर खुपसत होतो. आता काढून ठेवला.

या वेळी बारा मिनिटांनी काढले. हलत होते. भीती वाटली, पण परत आत सारले नाहीत. काठावरून उतू आलेला पाक साच्याला चिकटतो, तो गरम असतानाच सुरी फिरवून सोडवावा लागतो, हे माझं मलाच कळलं. शेजारच्या हिबाला चार दिले. ती हैदराबादची, २०२२ च्या सुट्टीवरून तू परत गेल्यावर राहायला आली. साचा तिचाच आहे, म्हणून मी पारीत डुकराची चरबी घालत नाही, नुसतं बटर घालतो. तिने चावा घेतला आणि सारण हनुवटीवर आलं. "अंकल, ये तो भाग रहा है," म्हणाली. हसली. पूर्वीच्यापेक्षा कितीतरी चांगले आहेत असंही म्हणाली.

दुःखाच्या घरात वर्ष होईपर्यंत नाताळचं गोड करत नाहीत, आजूबाजूचे ताट आणून देतात, हे तुला माहीत असेल. मम्मीने तिच्या आईच्या वर्षी आणि माझ्या आईच्या वर्षी ते पाळलं होतं. या वर्षी माझ्याकडे पाच ताटं आली. नेवऱ्या, कलकलं, केक. मी टार्ट केले ते नाताळचं गोड नव्हे असं मनाशी म्हणालो. कॅनडाच्या पदार्थाबद्दल आपल्यात काही नियम नाही.

"पूर्वीच्यापेक्षा" असं हिबा म्हणाली त्याबद्दल मला लिहायचं आहे, पण आज नाही. आज दुसरं लिहितो.

आधीच्या पत्रात मी लिहिलं की डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं नव्हतं. ते खरं नाही. १६ जानेवारीला दुपारी डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि सांगितलं की यकृतात सगळीकडे पसरलं आहे, सहा ते आठ आठवडे. मुलं किती, असं त्यांनी विचारलं. एक, कॅनडात, असं सांगितलं. ते म्हणाले, तिला आजच कळवा. यापेक्षा स्पष्ट कुणी बोलत नाही.

मी तुला त्या दिवशी इन्फेक्शन लिहिलं.

तेव्हा तुझी कॅनडात कायम राहायची, पीआरची फाइल शेवटच्या पायरीवर होती. कामाचं जुनं परमिट संपलेलं, नवं हातात नाही. तूच दिवाळीच्या सुमाराला समजावून सांगितलं होतंस की अशा वेळी देशाबाहेर पडलं तर परत आल्यावर काम करता येत नाही. पाच वर्षं तू त्यासाठी काढलीस. मम्मी वाचणार नाही हे मला कळलं होतं. मग मी असा हिशेब केला की दोघींपैकी एकीचं तरी राहू दे. तुला विचारलं नाही, मम्मीला विचारलं नाही. मी ठरवलं.

पुढे तू दफनाला आलीसच. परत जाऊन दोन महिने बिनकामाची घरी बसलीस आणि मे महिन्यात पीआर आलं. हे मला तुझ्या मैत्रिणीच्या फोटोखाली वाचून कळलं. म्हणजे मी जे वाचवायला निघालो ते दोन महिने होते.

नवीन वर्ष तुला बरं जावो.

डॅडी


ऊद मेथा
१७ जानेवारी २०२५

प्रिय शेनॉन,

"यू हॅड नो राइट," एवढंच तू लिहिलंस. बरोबर आहे. 

घर रिकामं होत चाललं आहे. काल सुदेशने व्हॅन आणली आणि तुझं कपाट नेलं. उम्म अल कुवैनला एका खोलीत ते सहाजण राहतात, सगळ्यांचे कपडे खिळ्यांना. आतल्या बाजूला तू चिकटवलेले स्टिकर निघत नव्हते. मी पाण्याने घासत होतो तर म्हणाला, राहू दे भाऊ, आमच्या खोलीत तेवढंच चित्र. मग राहू दिले.

आता मी लिहितो ते नीट वाच. हे तुला कुणीच सांगितलेलं नाही, कारण माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

मम्मीला मी सांगितलं होतं की तुला सगळं कळवलं आहे.

हॉस्पिटलमधून घरी आणलं त्या दिवशी तिने पहिलं तेच विचारलं. शेनॉनला कळवलंस? मी हो म्हणालो. काय म्हणाली? मी म्हणालो, रडली, सुट्टीसाठी अर्ज करते म्हणाली. यातला एकही शब्द तुझा नव्हता. मला वाटलं, तिला तेवढाच आधार. आठ आठवडे म्हणजे किती, निघून जातील.

पण ते दिवस निघून जात नव्हते. ती वाट बघायला लागली. रोज सकाळी नर्स येऊन गेली की विचारायची, काय झालं अर्जाचं. मी म्हणायचो, आज उद्या होईल. दर गुरुवारी तिने केस धुवून घेतले. केस राहिले नव्हते फार, तरी. तुझ्या पलंगावर ती निळी चादर घालायला लावली. तू आलीस तर तुला आंघोळीला गरम पाणी लागतं म्हणून गिझर चालू आहे ना, असं विचारायची. दुबईत, फेब्रुवारीत.

व्हिडिओवर ती तुझ्याशी का बोलत नव्हती, असं तू मला मार्चमध्ये विचारलं होतंस आणि मी म्हणालो होतो की आवाज बसला होता. आवाज बसला होता हे खरं. पण तिला तोंड दाखवायचं नव्हतं हेही खरं. "असं फोनवर नको बघू दे तिला. आली की समोर बघेल, तेव्हा हात धरायला असेन," म्हणाली. मला ते सोयीचं पडलं. तिचा फोन मी माझ्याजवळच ठेवला.

तू आवाजी मेसेज पाठवायचीस ते मी तिला ऐकवत होतो. ऐकवले नसते तर तिने मागितले असते. एक मेसेज होता, त्यात तू बर्फातले नवीन टायर बसवल्याचं सांगितलंस, ऑफिसात कुणीतरी कॉफी सांडल्याचं सांगितलंस, आणि शेवटी, "गेट वेल सून, मम्मा, लव्ह यू, रविवारी बोलू." छान मेसेज होता. इन्फेक्शन झालेल्या आईला पाठवावा तसाच होता.

पण मम्मीला वाटत होतं की तुला सगळं माहीत आहे. तिने तो डोळे मिटून ऐकला. परत लाव म्हणाली. मी परत लावला. मग म्हणाली, टायर बसवले ते बरं केलं.

मी तिथे खुर्चीवर बसलो होतो. तेव्हा बोलता आलं असतं. दार बंद होतं, घरात आम्ही दोघंच होतो. मी उठून तिच्यासाठी पाणी आणलं.

तू माझ्यावर रागावलीस तेव्हा तुला एवढंच माहीत होतं की मी तुझ्यापासून लपवलं. मम्मीपासून काय लपवलं ते हे.

डब्याचं पुढच्या पत्रात लिहितो. आज हात चालत नाही.

डॅडी


ऊद मेथा
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय शेनॉन,

आज सकाळची मिस्सा करून आलो आणि थेट लिहायला बसलो.

तू लहान होतीस तेव्हाचं आधी थोडं सांगावं लागेल. लग्नानंतर सात वर्षं मम्मी गिरीजला होती आणि मी इथे बॅचलर खोलीत. फॅमिली व्हिसा मिळायचा होता. दोन वर्षांतून एकदा सुट्टी. ज्या वर्षी मी जायचो त्या वर्षी काही आधी पाठवत नसे, सगळं बरोबर न्यायचो. ज्या वर्षी जायला मिळायचं नाही त्या वर्षी नाताळच्या आधी कुणाच्या तरी हाती बॅग द्यायचो. बहुतेक वेळा व्हर्ननच्या हाती, तो भुईगावचा. साबण, दुधाची पावडर, तुझ्यासाठी फ्रॉक, खजूर. आमच्यातले सगळेच असं करायचे. व्हर्नन बॅग घेऊन अंगणात आला की मम्मी त्याला बसवायची, चहा द्यायची आणि बॅग उघडायच्या आधीच माझ्या आईला आत जाऊन सांगायची, पॅट्रिक येत नाही या वर्षी. मला हे तिनेच सांगितलं होतं, एकदा नाही, कितीतरी वेळा. म्हणायची, तुझ्या त्या बॅगेतला साबण वापरताना मला रडूच यायचं. हसत सांगायची, पण सांगायची.

एवढं माहीत असलेला माणूस मी. आता काय केलं ते सांगतो.

फेब्रुवारीच्या शेवटी तिचं खाणं बंद झालं. पेजेचं पाणी, दोन चमचे. मी विचारलं, काही खावंसं वाटतं का? म्हणाली, शेनॉनचं ते बटरचं. तिथून येताना घेऊन ये म्हणावं.

उपवासकाळ सुरू झाला होता. आयुष्यभर तिने त्या चाळीस दिवसांत गोडाला हात लावला नाही, आणि आता मागत होती. मला काहीतरी करायचं होतं, शेनॉन. डॉक्टर काही करत नव्हते, मी काही करत नव्हतो, नुसता हो हो म्हणत होतो. करता येण्यासारखं हे एक दिसलं.

तिला झोप लागल्यावर मी तिच्या फोनवरून रेसिपी काढली. साचा हिबाकडून आणला. सिरप नव्हतं आणि तिला एकटं टाकून दुकानात जायचं नव्हतं, म्हणून हिबाने खजुराचा पाक दिला, तो घातला. ओव्हनचा वास घरात येईल म्हणून हिबाच्याच घरी भाजले. पंचवीस मिनिटं. काळे आणि कडक झाले. त्यातले बरे दिसणारे सहा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरले. हे माझे पहिले टार्ट. नोव्हेंबरमध्ये लिहिलं होतं तसं वेळ घालवायला सुरू केलेले नव्हते.

२६ तारीख, सोमवार, दुपारी चार. तिला उशीला टेकवून बसवलं आणि डबा मांडीवर ठेवला. म्हणालो, बघ, शेनॉनने पाठवले. व्हर्ननचा एल्रॉय केबिन क्रूमध्ये आहे ना, टोरांटोच्या फ्लाइटवर होता, त्याच्या हाती.

एल्रॉय त्या आठवड्यात कुठे होता मला माहीत नाही. त्याला आजही यातलं काही माहीत नाही.

मम्मीने झाकण उघडलं नाही. दोन्ही हात झाकणावर ठेवून बराच वेळ डब्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ती येत नाही."

विचारलं नाही तिने. सांगितलं.

तोपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तिच्या तोंडून ऐकलं तेव्हा आलं. मी तिला खाऊ आणला नव्हता, निरोप आणला होता. तेव्हा जरी सांगितलं असतं की हे मी केले, शेनॉनला काहीच माहीत नाही, आत्ता फोन लावतो, तर अजून बारा दिवस होते. तू तिसऱ्या दिवशी पोचली असतीस. मी हे हिशेब वर्षभर करतोय. तिसऱ्या दिवशी.

मी म्हणालो, सुट्टी मिळत नाही तिला.

मग तिने झाकण काढलं आणि एक टार्ट अर्धा खाल्ला. कडक होता, चावायला वेळ लागला. पण खाल्ला. तुझा म्हणून खाल्ला.

त्यानंतर तिने अर्जाचं विचारलं नाही. गुरुवारी नर्सने केस धुवायचं विचारलं तर नको म्हणाली. जॅकलीनला फोनवर तिनेच सांगितलं की शेनॉनने डबा पाठवला, येत नाही. दफनाच्या दिवशी जॅकलीन बोलली तो डबा हा. तिचा गैरसमज नव्हता. तिला जे सांगितलं गेलं तेच ती बोलली.

मी टार्ट का करत राहिलो ते आता तुला कळलं असेल. तिने तुझा म्हणून जो खाल्ला तो तुझ्यासारखा नव्हता. तुझा कसा असतो ते मला निदान एकदा करून बघायचं होतं. मागच्या रविवारी जमला. कुणाला दिला नाही. एकट्याने खाल्ला आणि त्याने काही झालं नाही.

हे वाचून तू मिस्सेला आली नाहीस तरी मी समजेन.

डॅडी


गिरीज, वसई
११ मार्च २०२५

प्रिय शेनॉन,

२४ फेब्रुवारीला तुझा फोन आला तेव्हा मी रिकाम्या फ्लॅटमध्ये खोक्यावर बसलो होतो. स्क्रीनवर तुझं नाव बघून मला आधी उचलताच येईना. तू हॅलोही म्हणाली नाहीस. "व्हॉट डिड शी से, डॅडी? आफ्टर द बॉक्स. एक्झॅक्टली व्हॉट डिड शी से अबाउट मी?"

मी म्हणालो, नथिंग, बेटा. शी डिड नॉट से एनिथिंग.

 मग ओके म्हणालीस आणि फोन ठेवलास.

ते खोटं होतं. खरं सांगणारी तीन पत्रं लिहून झाल्यावरसुद्धा तोंडातून तेच निघालं. मी विचार करून बोललो नाही. समोरच्याला लागेल असं दिसलं की माझं तोंड आपोआप तसं बोलतं. फोनवर मला खरं सांगता येत नाही हे मला त्या दिवशी कळलं, म्हणून लिहितो.

आधी इथलं. मिस्सा परवा झाली. चर्च अर्धं भरलं होतं. नंतर घरी जेवायला पंचवीस-तीस माणसं होती. जॅकलीन वाढत होती आणि तुझ्यावरून बोलत होती. पोरगी वर्षाच्या मिस्सेलाही आली नाही, एकदा तिथली हवा लागली की कसले आईबाप. सगळे ऐकत होते, कुणी मान हलवत होतं. मी कधी चारचौघांत बोलत नाही हे तुला माहीत आहे. ताट खाली ठेवलं आणि उभा राहिलो. सगळ्यांना सांगितलं. शेनॉनला मी कळवलंच नव्हतं. तो डबा तिने पाठवला नव्हता, मी भरला होता. एल्रॉयच्या हाती आला असं रोझला मी खोटं सांगितलं आणि तिच्या दफनाच्या दिवशी पोरीला तुमच्यासमोर उभी करून गप्प बसलो.

 व्हर्नन म्हणाला, अरे, एल्रॉय तर तेव्हा आजारी रजेवर होता. जॅकलीन स्वयंपाकघरात गेली. मी मागून गेलो तर ओट्याशी पाठ करून उभी होती. म्हणाली, "पॅट्रिक, तुला सगळ्यांचं बरं करायचं होतं ना? बघ आता." मग म्हणाली, "मी त्या पोरीला काय काय बोलले." तिने तुझा नंबर मागितला. मी दिला नाही. तुला विचारून देईन असं सांगितलं.

आता तू विचारलंस ते.

मम्मीने मला सांगितलं होतं की हे तुला सांगायचं नाही. वर्षभर सांगितलं नाही. पण मला वाटतं, ते तिने मी उभ्या केलेल्या शेनॉनबद्दल म्हटलं होतं, जिला सगळं ठाऊक होतं आणि जी आली नाही. तशी कुणी नव्हती. आणि तू 'नक्की काय' असं विचारलं आहेस. तेव्हा पुढे लिहितो ते तिचे शब्द आहेत. त्यात मी माझ्याकडून काही घातलेलं नाही आणि काही काढलेलं नाही. ते वाचून तुला काय करायचं ते तू ठरव. या वेळी मी ठरवत नाही.

अर्धा टार्ट तिने डब्यात परत ठेवला, झाकण लावलं आणि भिंतीकडे वळली. मला वाटलं झोपली.

मग म्हणाली, "मी तिच्यासाठी आले असते."

अंधार पडेपर्यंत ती तशीच होती. दिवा लावायला उठलो तेव्हा म्हणाली, "मी असं म्हणाले ते तिला सांगू नकोस. रडेल. आणि तिथे तिच्याजवळ कुणी नाही."

डॅडी